दाढी नसलेल्या बाईचं ब्लेडचं दुकान

मला दाढी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण निजामपुऱ्यातल्या माझ्या दुकानात ब्लेड घ्यायला आलेला प्रत्येक नवा पुरुष पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग आत दुसरं कोणी आहे का ते शोधायचा. दुसरं कोणी नसायचं. नवरा पोस्टात नोकरीला, आणि दुकान माझं. गिऱ्हाईक मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, काहीतरी भलतंच मागतोय अशा आवाजात म्हणायचं, "एक पाकीट ब्लेड."

"कुठली?"

"कुठलीही."

सगळी गडबड इथूनच सुरू व्हायची. भेंडी घेणारा माणूस शेंडा मोडून बघतो, चप्पल घेणारा चार पावलं चालून बघतो, आणि रोज गळ्यावरून फिरवायचं धारदार पातं म्हणे कुठलंही चालेल! चार दिवसांनी तोच माणूस गळ्याला रुमाल गुंडाळून परत यायचा. उन्हाळ्यात रुमाल म्हणजे काय ते मला न विचारता कळायचं.

दुकान तसं साधं जनरल स्टोअर. साबण, पावडर, रिबिनी, पिना, केसांचं तेल. पण आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कापड विणायचे लूम, आणि लूमवर सगळे पुरुष, त्यामुळे माझा संसार रिबिनींवर नाही, दाढ्यांवर चालला. लूमच्या खटखटीत बोलणं म्हणजे घसा फोडणं, म्हणून अर्धा धंदा खुणांवर व्हायचा. गालावरून बोट फिरवलं की ब्लेड, तळहातावर गोल फिरवलं की दाढीचा साबण, आणि गळा धरून डोळे मिटले की तुरटी. ही तिसरी खूण करणाऱ्याला मी थांबवून घ्यायचे आणि म्हणायचे, "मान वर करा." पुरुषमाणूस परक्या बाईसमोर मान वर करून उभा आहे आणि ती चष्मा लावून त्याचा गळा बघते आहे, हे दृश्य आमच्या गल्लीला हळूहळू सवयीचं झालं. माझ्या सासूबाईंना मात्र शेवटपर्यंत झालं नाही.

कारागिरांची एक खास चूक असायची. लूमवर धागा कापायला ब्लेड लागते. अर्धी ब्लेड मोडून खिशात ठेवायची, दिवसभर धागे कापायचे आणि सुट्टीच्या दिवशी तीच गालावर चालवायची. एक कारागीर तर माझ्याशी भांडायलाच आला.

"भाभी, आपके ब्लेड में दम नहीं है."

"था. आपने धागे पे निकाल दिया."

त्याला ते पटलं नाही. मग मी त्याच्या कानशिलावरचा कापूस उडवून दाखवला. शिफ्ट संपवून आलेल्या माणसाच्या तोंडावर कापूस असतो, सुताला लावलेल्या कांजीची भुकटी असते, घाम असतो. त्यावरच साबण फासायचा आणि त्यावरच धार गेलेली ब्लेड दाबून ओढायची, मग पुरळ नाही येणार तर काय येणार? मी त्याला एवढंच सांगितलं, आधी कोमट पाण्याने तोंड धू, साबण लावून जरा दम धर, दाढीची ब्लेड वेगळी ठेव. तो गेला आणि पुढे त्याच्या खोलीतली सगळी माणसं माझी गिऱ्हाइकं झाली. मला मिरवायला आवडतं, म्हणून सांगितलं.

मला हे सगळं कोणी शिकवलं नव्हतं. पण माल विकल्यावर तेच गिऱ्हाईक दर आठवड्याला समोर उभं राहतं, तेव्हा आपण काय विकलं ते त्याच्या गळ्यावर वाचता येतं. केस ज्या दिशेला वाढतो त्या दिशेने रेझर फिरवणाऱ्याचा गळा स्वच्छ असायचा. गुळगुळीत व्हावं म्हणून उलटा हात फिरवणाऱ्याच्या गळ्यावर लाल ठिपके असायचे. त्यातही सरळ केसवाले निभावून जायचे, कुरळे केसवाले फसायचे. कुरळा केस फार खाली कापला गेला, की वाढताना बाहेर यायचं सोडून वाकून पुन्हा कातडीतच शिरतो. तिथे गाठ येते, ठसठसते, आणि माणूस आरशासमोर बसून ती सुईने कोरतो. मग डाग राहतो. ही सुई मी किती जणांच्या हातून सोडवली असेल!

आणि अशात दोन पात्यांचे रेझर आले. कंपनीचा सेल्समन माझ्या काउंटरवर हात टेकून सांगायचा, "वहिनी, पहिलं पातं केस ओढून वर घेतं, दुसरं मुळाशी कापतं." मला तेव्हाच शंका आली होती. ओढून कापलेला केस सुटल्यावर जाणार कुठे? कातडीच्या आत! सरळ केसवाल्यांनी त्या रेझरची तारीफ केली. कुरळे केसवाल्यांतले पहिले बळी ठरले आमचे नाना.

नाना शेजारच्या टेमघर गावचे, आगरी, जमीनवाले. उंच माणूस, आवाज असा की लूमच्या खटखटीवरून ऐकू यायचा. केस काळे, दाट आणि पार गुंडाळलेले. ते दुकानात आले, रेझर हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "यो सगल्यान म्हाग हाय ना, बाय?"

"हो, पण नाना, तुमच्या केसाला—"

"मंग ह्योच दे."

पंधरवड्यात नानांचा गळा कारल्यासारखा झाला. कोणाची तरी दृष्ट लागली असं त्यांचं म्हणणं होतं. सुनेने मिरच्या उतरवल्या होत्या, तरी उतार पडत नव्हता. मी मान वर करायला लावली आणि सांगितलं, "नाना, दृष्टबिष्ट काही नाही. आता आठ-दहा दिवस दाढीला हात लावायचा नाही. केस आपोआप बाहेर येतील. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याचं फडकं ठेवायचं, सुई लावायची नाही. आणि ते वासाचं लोशन बंद."

"लोशन बंद? मंग वास कसा येल?"

"तुमच्या आवाजाने कळतं लोकांना तुम्ही आलात ते."

नानांनी मुकाट्याने ऐकलं. पण एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. रोज चकचकीत दाढी करणारा माणूस आठवडाभर खुंट वाढवून हिंडायला लागला, तर गाव काय समजेल? घरात सुतक आहे असं! लोक भेटायला येऊ लागले. नानांची आत्तेबहीण थेट खाडीपलीकडून रडत आली आणि ओट्यावर बसून विचारू लागली, "आरं, कोन गेला? मना का नाय सांगितला?" नाना ओरडले, "कोन नाय गेला! माजा गला गेला!" बाईला वाटलं, दुःखाने भ्रमिष्ट झाला. तिने आणखी मोठा सूर धरला. शेवटी नाना सकाळी घराबाहेर पडताना समोर दिसेल त्याला आधीच सांगू लागले, "सगली जिती हायेत, सगली जिती हायेत," आणि मग रामराम करू लागले.

नानांची ही सक्तीची सुट्टी चालू होती, त्याच आठवड्यात त्यांची धाकटी मुलगी जयवंती दुकानात आली. इथून पुढचं मी थोडं सावकाश सांगणार आहे.

जयवंती कॉलेज झालेली, दिसायला बापासारखी उंच, केस तेवढेच दाट. कितीही उकडत असलं तरी ओढणी गळ्याभोवती घेऊन हनुवटीपर्यंत ओढलेली. काउंटरजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, एक ब्लेडचं पाकीट द्या. नानांसाठी."

नाना त्या वेळी टेमघरात खुंट वाढवून, सगली जिती हायेत असं सांगत हिंडत होते.

मी पाकीट दिलं. देताना ओढणी जरा सरकली आणि हनुवटीखाली लाल, जुन्या-नव्या गाठी दिसल्या. सुईने कोरलेल्या. मला पुरुषांचे गळे बघायची सवय होती, पोरीची हनुवटी बघायची नव्हती.

पुढच्या वेळी आली तेव्हा मी म्हटलं, "जयवंती, नानांना एक निरोप दे. म्हणावं, हनुवटीचे केस चिमट्याने उपटू नका. उपटला की आतल्या आत तुटतो आणि गाठ होते. आणि सुई तर मुळीच नको."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "सांगते."

असे आमचे निरोप सुरू झाले. नानांना म्हणावं, एकच पातं असलेला साधा रेझर वापरा. नानांना म्हणावं, आंघोळीनंतर करा, कातडी मऊ असते. हात हलका ठेवा, खालून वर नाही, वरून खाली. एकदा फिरवलेल्या जागी पुन्हा पुन्हा नको. झाल्यावर गार पाणी, मग थोडं ग्लिसरीन आणि गुलाबपाणी. ती प्रत्येक वेळी "सांगते" म्हणायची आणि पुढच्या वेळी नानांची प्रगती कळवायची. "नाना म्हणतात, गाठी कमी झाल्यात." "नाना म्हणतात, आता दुखत नाही." खुद्द नाना मध्येच येऊन ब्लेड घेऊन जायचे आणि त्यांच्या नावाने एवढी मोठी वैद्यकी चालली आहे याचा त्यांना पत्ताही नसायचा.

मग एका दुपारी ती आली. चेहरा उतरलेला. दुकानात कोणी नव्हतं. म्हणाली, "मावशी, नाना फार घाबरलेत. लग्न ठरलंय."

"नानांचं?"

माझ्या तोंडून निसटलं ते निसटलं. ती आधी बघतच राहिली, मग हसायला लागली, मीही हसायला लागले. हसता हसता ती रडायला कधी लागली ते कळलंच नाही. मी काउंटरची फळी उचलून तिला आत घेतलं आणि साबणाच्या खोक्यावर बसवलं. तिथे पहिल्यांदा नाना आमच्यामधून उठून गेले.

मुलगा खाडीपलीकडचा, मोरेश्वर नावाचा, गोदामात सुपरवायझर. तिला आवडला होता. गोष्टच ती होती. आवडला नसता तर एवढी घाबरली नसती. आईला माहीत होतं, पण आईने शपथ घातली होती, सासरी कोणाला कळू द्यायचं नाही. "आणि मावशी, हळदीत सगळ्या बायका तोंड चोळतात. हात लागला की कळणार. एकीला कळलं की मांडवभर. मग तिकडचे लोक म्हणतील फसवलं. लग्न मोडेल, आणि कशावरून मोडलं ते गावभर होईल."

मी तिला खोटा धीर दिला नाही. आमच्या बायकांचं मी पण बघितलेलं आहे. माझ्या दुकानात घरच्या माणसाचं नाव सांगून ब्लेड नेणाऱ्या बायका काही जयवंतीपासून सुरू झाल्या नव्हत्या. कोणी नवऱ्यासाठी, कोणी भावासाठी नेत होत्या. एक तर विधवा होती आणि तिला भाऊ नव्हता, तरी "घरी लागतं" म्हणायची. पुरुष कॅलेंडरकडे बघून मागायचे, या बायका जमिनीकडे बघून. बाईला दाढी म्हणजे काहीतरी पाप केल्यासारखं का वाटावं, हे मला आजही कळत नाही. राग येतो, एवढं मात्र खरं.

पण राग करून हळद थांबणार नव्हती. आम्ही बेत आखला. आदल्या दिवशी दाढी केली तर हळदीपर्यंत खुंट येणार. ऐन वेळी, संध्याकाळी केली तर कातडी लाल होणार आणि हळद झोंबणार. म्हणून हळदीच्याच दिवशी पहाटे, नव्या ब्लेडने, एकदाच. नंतर काही लावायचं नाही, ग्लिसरीनसुद्धा नको. लाली राहिलीच तर पिवळ्यात लपेल. मी स्वतःवर फार खूश होते. तिने मला हळदीला बोलावलं आणि आग्रहाने म्हणाली, "तुम्ही माझ्या बाजूलाच बसा."

टेमघरची हळद म्हणजे काय ते ज्याने बघितलं त्याला ठाऊक. मांडव, स्पीकर, नाचणारी माणसं, आणि मध्ये पाटावर बसलेली नवरी. नाना त्या दिवशी गुळगुळीत दाढी करून, सगळ्यांना गळा दाखवत फिरत होते. मला बघून ओरडले, "ही बघा माजी डाक्तरीण!" जयवंतीची हनुवटी मी लांबूनच तपासली. एक गाठ नाही, लाली नाही. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

हळद लावायला बसली ती धवलारीण, हिराबाय. लग्नाची धवळे-गाणी म्हणणारी, विधी पार पाडणारी ही म्हातारी म्हणजे त्या मांडवातली सगळ्यात मोठी असामी. तिच्या तोंडाला गाव भ्यायचं. तिने पायांपासून सुरुवात केली. पाय, गुडघे, हात, खांदे. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. लग्नाची हळद चढती लावतात. खालून वर. मी त्या पोरीला महिनोन् महिने वरून खाली, वरून खाली शिकवत बसले होते, आणि विधीचा हात येणार होता उलटा. पहाटे केलेली दाढी संध्याकाळी वरून खाली हात फिरवला तर कळत नाही. खालून वर फिरवला की बोटाला लागते.

मला काही करता येईना. हिराबायची बोटं गळ्यावरून हनुवटीवर चढली आणि थांबली. गाणं थांबलं. बाजूच्या बायकांनी माना वळवल्या. जयवंतीने डोळे घट्ट मिटले होते.

हिराबायने त्या बायकांकडे एकदा बघितलं. "काय बगता? आवाज बसला माजा. गला काय लोखंडाचा हाय?" असं म्हणून तिने पहिल्यापेक्षा मोठ्याने गाणं उचललं. उजव्या हाताने हळद चोळतच होती. डाव्या हाताने तिने पोरीचं मनगट धरलं, जवळ ओढलं आणि तिची बोटं स्वतःच्या हनुवटीखाली नेऊन टेकवली.

जयवंतीने डोळे उघडले.

मी तिथेच बसले होते, म्हणून मला दिसलं. म्हातारीच्या हनुवटीखाली, सुरकुत्यांमध्ये, पांढरे ताठ खुंट होते. ती वाकून पोरीच्या कानात काहीतरी बोलली आणि पुन्हा गायला लागली. काय बोलली ते जयवंतीने मला नंतर सांगितलं. "चार पोरा जाली, नातवंडा जाली. कोन मेला नाय. नवऱ्याला तूच सांग. दुसऱ्या कोनी सांगाच्या आदी सांग."

लग्न पार पडलं. नंतर कितीतरी दिवस जयवंती आली नाही. मी मनात नाही नाही ते आणत होते. सांगितलं असेल का? सांगून काय झालं असेल? नाना येत, गप्पा मारत, ब्लेड नेत. पण नानांना काय विचारणार? पोर बरी आहे एवढंच ते म्हणत, आणि बापाला बरी म्हणजे काय कळतं?

मग एके दिवशी दुकानासमोर स्कूटर थांबली. जयवंती उतरली आणि मागोमाग मोरेश्वर. मी आधी, सवयीप्रमाणे, त्याचा गळा बघितला. लालभडक. कानाखाली दोन गाठी. तिची ओढणी खांद्यावर होती. गळा मोकळा, हनुवटी मोकळी.

दुकानात कारागिरांची गर्दी होती. मी आवाज खाली आणून म्हटलं, "काय देऊ, जयवंती?"

"ह्यांना सांगा मावशी, माझं ऐकत नाहीत. उलटा हात फिरवतात आणि शिवाय दाबतात."

मोरेश्वर मान वर करून उभा राहिला. बायकोने शिकवलं असणार, मला सांगावं लागलं नाही. म्हणाला, "ऐकतो हो मावशी. पण ही घाई करते. आरसा एकच आहे ना घरात. सकाळी आधी ही दाढी करते, मग मी. मला उशीर होतो, म्हणून कापून घेतो."

हे तो भर दुकानात, लूमच्या खटखटीवरून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. एक-दोन कारागिरांनी वळून बघितलं. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि तेवढ्याच आवाजात मला म्हणाला, "तिचा हात हलका आहे. माझी पण तीच करून देते म्हणते. मला भीती वाटते."

"घाबरट," जयवंती म्हणाली.

मी ब्लेडचं पाकीट शोधायला वळले, पण डोळ्यांपुढे काही दिसेना. मला रडू आलं होतं. भर गर्दीत, काउंटरमागे उभी राहून मी रडले, आणि जयवंतीने आत येऊन आपलं पाकीट स्वतःच फळीवरून काढून घेतलं.